ऑनलाईन पोकर: प्रतिस्पर्ध्याची नोंद पुढच्या डावात कामाला येईल अशी कशी लिहायची

फुकट चिप्सच्या टेबलावर नेमाने खेळणाऱ्यांच्या नोंदी उघडल्या की तेच चार शब्द सापडतात: ‘येडा’, ‘लकी’, ‘भित्रा’, ‘कायम ब्लफ’. महिन्याभराने तोच खेळाडू समोर येतो, रिव्हरला (टेबलावरच्या शेवटच्या पत्त्यावर) पॉटएवढी, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सएवढी, बेट लावतो आणि नोंदीत लिहिलेलं असतं ‘लकी’. त्यावरून कॉल करायचा (तेवढ्याच चिप्स घालायच्या) की पत्ते टाकायचे, हे ठरत नाही. उपयोगी नोंदीत त्या खेळाडूने कुठल्या जागेवरून, कोणत्या पत्त्यांवर, किती चिप्स घातल्या तेवढं असतं. तो कसा आहे हे त्यातून आपोआप कळतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्राच्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली आहे आणि पोकर त्यात येतो. त्यामुळे इथलं सगळं फुकट चिप्सच्या टेक्सस होल्डेमसाठी आहे (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर): अ‍ॅपवरची खुली टेबलं, किंवा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मित्रांनी पुण्या-बेंगळुरूला गेलेल्यांना जोडून घेऊन लावलेलं खासगी टेबल.

सावधान: चिप्सच्या बदल्यात कुणी फोनवरून पैसे मागत किंवा देत असेल तर ते टेबल सोडा. तो खेळ फुकट चिप्सचा राहिलेला नाही.

## १. बसण्याआधीची तयारी

ही तयारी एकदाच करायची असते, पण बहुतेक जण नेमकी हीच वगळतात आणि मग डाव चालू असताना काय लिहू, कसं लिहू यात वेळ घालवतात.

नोंदीची जागा तपासा. खेळाडूच्या चित्रावर बोट ठेवलं की बहुतेक अ‍ॅपमध्ये नोंदीचा चौकोन उघडतो. त्यात मराठीत एक ओळ लिहा, अ‍ॅप पूर्ण बंद करा, पुन्हा उघडून बघा. अक्षरं तुटली, ओळ कापली गेली किंवा नोंदच नाहीशी झाली तर आत्ताच कळेल. काही ठिकाणी नोंदी फक्त फोनमध्ये राहतात. अ‍ॅप काढून पुन्हा घातलं की त्या गेल्या. तसं असेल तर मूळ नोंद वहीत ठेवा आणि अ‍ॅपमध्ये फक्त एका ओळीचा सारांश.

वहीत नाव उतरवताना इंग्रजी ओ आणि शून्य, लहान एल आणि मोठा आय यांची गल्लत होते. कन्नड लिपीतलं नाव वाचता येत नसेल तर अंदाजाने लिहू नका, खेळाडूचा क्रमांक प्रोफाइलवर असतो का बघा. नाव बदलता येतं, क्रमांक सहसा तोच राहतो.

खुणा ठरवा. सहा जणांच्या टेबलासाठी एवढ्या पुरतात:

- जागा: प (पहिला बोलणारा), म (मधला), क (कटऑफ, बटनच्या आधीचा), ब (बटन, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याची जागा), स्मॉ आणि बि (स्मॉल आणि बिग ब्लाइंड: पत्ते बघण्याआधीच ठरलेल्या चिप्स घालणारे दोघे).
- पत्ते: ए, रा, णी, गु, द, मग ९ ते २. राजा आणि राणी दोघांनाही ‘रा’ लिहू नका. ‘रारा’ म्हणजे दोन राजे की राजा-राणी, हे पंधरा दिवसांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.
- एकाच रंगाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे) पत्ते असतील तर पुढे ‘रं’, वेगळ्या रंगांचे असतील तर ‘वे’.
- कृती: लिं (लिंप: रेझ न करता नुसत्या बिग ब्लाइंडएवढ्या चिप्स घालून आत येणं), रे (रेझ: बेट वाढवणं), कॉ (कॉल), चे (चेक: चिप्स न घालता पाळी पुढे देणं), फो (फोल्ड: पत्ते टाकणं), ऑ (ऑल-इन: सगळ्या चिप्स लावणं).
- बेटचा आकार पॉटच्या मापात: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण, दीडपट.

आकार नुसत्या चिप्समध्ये लिहिला तर काही अर्थ लागत नाही. २,००० ची बेट ५०/१०० च्या (स्मॉल ब्लाइंड ५०, बिग १००) टेबलावर मोठी आणि ५००/१,००० च्या टेबलावर दोन बिग ब्लाइंडएवढीच. फ्लॉपच्या आधीचा आकार बिग ब्लाइंडमध्ये आणि फ्लॉपनंतरचा पॉटच्या मापात, हा नेम मोडू नका. ब्लाइंडच्या आकड्याला ‘ब्ला’ जोडा. नाहीतर ४ हा पत्ता की बेट, हे कळत नाही.

शेवटी सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी चालू करा: झालेल्या डावांचा इतिहास, आणि चार चिन्हांना चार वेगळे रंग दाखवणारे पत्ते. नेहमीच्या दोन रंगांत इस्पिक-किलवर आणि बदाम-चौकट घाईत एकसारखे दिसतात. त्या घाईत लिहिलेली फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांची) नोंद चुकीची निघते.

तपासणी: एक खोटी नोंद लिहा, दुसऱ्या दिवशी उघडा. पाच सेकंदांत अर्थ लागला तर खुणा बरोबर आहेत.

## २. आधी मोजणी, मग मत

नोंद ही नेहमीपेक्षा वेगळ्या गोष्टीची घ्यायची असते. त्यामुळे नेहमीचं म्हणजे किती, हे माहीत हवं. सहा जणांच्या टेबलावर सांभाळून खेळणारा साधारण २० ते २५ टक्के डावांत स्वतःहून चिप्स घालतो आणि त्यातल्या बहुतेक वेळा रेझ करूनच आत येतो. फुकट चिप्सच्या खुल्या टेबलावर अर्ध्याहून जास्त डाव खेळणारे सर्रास दिसतात. तिथे ‘खूप डाव खेळतो’ ही नोंद जवळजवळ सगळ्यांना लागू पडते, म्हणून ती एकट्या कुणाबद्दल काहीच सांगत नाही.

मोजणी अशी करा:

१. एका वेळी एक, फार तर दोन खेळाडू निवडा. तुमच्या उजवीकडचा आधी, कारण तो तुमच्या आधी बोलतो आणि त्याच्या कृतीवर तुम्हाला सर्वांत जास्त वेळा निर्णय घ्यावा लागतो.

२. ३० डाव, म्हणजे सहा जणांच्या टेबलाच्या पाच फेऱ्या, पूर्ण बघा.

३. त्याने स्वतःहून चिप्स घातल्या की एक रेघ. त्या रेझने घातल्या असतील तर रेघेवर टिंब.

४. बिग ब्लाइंडवर असताना कुणी रेझ केला नाही आणि त्याने चेक केलं, तर रेघ मारू नका. ते डाव खेळणं धरत नाहीत. इथली चूक इतकी नेहमीची आहे की पुष्कळांचे आकडे त्यामुळे फुगलेले असतात.

३० पैकी ६-७ रेघा, त्यातल्या पाचांवर टिंब: हा सांभाळून खेळणारा. १५ रेघा आणि दोनच टिंबं: हा लिंप करून, कॉल करून फ्लॉप बघणारा. दोघांविरुद्धचा खेळ पूर्ण वेगळा.

पहिल्या फेरीवरून मत बनवू नका. समजा एखादा फक्त १५ टक्के डावांत रेझ करतो. एका फेरीच्या सहा डावांत त्याला तीन किंवा जास्त वेळा रेझ करण्याजोगे पत्ते येण्याची शक्यता जवळपास ५ टक्के आहे. समोर असे पाच जण असतील तर निदान एक जण पहिल्याच फेरीत ‘दर डावाला रेझ मारणारा’ दिसण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे पाचांतल्या एका टेबलावर तुम्ही एका शांत खेळाडूच्या नावापुढे ‘आक्रमक’ लिहून ठेवाल आणि पुढे त्याच्या चांगल्या पत्त्यांना चिप्स वाटत बसाल.

## ३. एकदा दिसलेलं कधी पुरतं, कधी पुरत नाही

नोंद घेण्यात सर्वांत जास्त गफलत इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

चांगला खेळाडूही जे नेहमी करतो, ते एकदा दिसून काही कळत नाही. बटनवरून रेझ, आधी रेझ करून फ्लॉपलाही बेट, एक्का-राजा घेऊन पुन्हा रेझ, हे सगळे करतात. याउलट चांगला खेळाडू जे जवळपास कधीच करत नाही, ते एकदा दिसलं तरी खूप सांगून जातं. पहिल्या जागेवरून ९-४ वेगळ्या रंगांचे घेऊन कुणी रेझला कॉल केलेला शोडाउनला (शेवटी पत्ते उघडतात तेव्हा) दिसला, तर दुसऱ्या पुराव्याची वाट बघायची गरज नाही. लिहा.

नोंद लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: सांभाळून खेळणाऱ्याने या जागेवर असंच केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर लिहू नका, नुसती मोजणी चालू ठेवा. ‘नाही’ असेल तर ती नोंद.

वारंवारतेची गोष्ट लिहायची झाली तर अपूर्णांकात लिहा: किती वेळा केलं, खाली किती वेळा संधी होती. ‘चेक-रेझ (आधी चेक, मग समोरच्याच्या बेटवर रेझ) खूप करतो’ यापेक्षा ‘चेक-रेझ ३/४’ आणि ‘चेक-रेझ ३/२५’ यांतला फरक बघा. वरचा आकडा दोन्हीकडे तोच आहे. छेद बहुतेक जण लिहीतच नाहीत, कारण संधी असून काही न घडलेले डाव लक्षात राहत नाहीत. त्यासाठीच इतिहास चालू ठेवायचा.

## ४. शोडाउनची नोंद: कोणत्या क्रमाने लिहायची

समोरच्याचे पत्ते खरोखर दिसतात ते शोडाउनला, म्हणून सर्वांत मोलाची नोंद तिथली. क्रम बदलू नका:

१. तारीख आणि टेबल. सहा जणांचं की नऊ जणांचं.

२. स्टॅक, म्हणजे समोर असलेल्या चिप्स. दोघांपैकी ज्याच्याकडे कमी चिप्स, तो आकडा बिग ब्लाइंडमध्ये. १२ ब्लाइंड उरलेल्याने बटनवरून ए-८ घेऊन ऑल-इन करणं नेहमीचं आहे. १०० ब्लाइंड असताना तेच केलं तर ती नोंद. स्टॅक न लिहिलेल्या ऑल-इनच्या नोंदी सरळ खोडून टाका.

३. जागा आणि फ्लॉपच्या आधीची कृती.

४. फ्लॉपचे तीन पत्ते आणि त्यावरची कृती. मग टर्न, मग रिव्हर. प्रत्येक वेळी पत्ता आधी, कृती नंतर.

५. दाखवलेले पत्ते.

६. कितीजण होते. दोघांच्या पॉटमधला ब्लफ आणि चौघांच्या पॉटमधला ब्लफ यांची किंमत सारखी नाही.

७. शेवटी, बाण काढून, तुम्ही काय करायचं.

उदाहरण:

‘१२ जून, ६ जण, १०० ब्ला. प वरून लिं, ब च्या ४ ब्ला ला कॉ. रा-७-२: चे, अर्धीला कॉ. ४: चे, पाऊणला कॉ. ९: चे, पूर्णला कॉ. दाखवलं रा-५ वे. दोघेच. → रा-द पासून वर तिन्ही वेळा बेट. ब्लफ नको.’

यात त्याने किती घातलं ते मोजा. दोन्ही ब्लाइंडांनी पत्ते टाकले तर फ्लॉपला पॉट ९.५ ब्लाइंडचा. अर्धी बेट ४.७५, पॉट १९. पाऊण बेट १४.२५, पॉट ४७.५. रिव्हरला पूर्ण बेट ४७.५. फ्लॉपच्या आधीचे ४ धरून तो ७०.५ ब्लाइंड देऊन बसला, तेही राजाच्या जोडीवर आणि साथीला पंजी. ‘सगळं कॉल करतो’ असं लिहिलं असतं तर ही किंमत कळली नसती. आणि तसं लिहिणं चूकही ठरलं असतं, कारण वरच्या जोडीवर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जुळलेल्या) तो सुटत नाही एवढंच दिसलंय. सत्त्यांच्या जोडीवर तो काय करतो, ते अजून दिसायचं आहे. नोंदीत जेवढं दिसलं तेवढंच ठेवा.

इथल्या चुका

शेवटचे पाच पत्ते बघून मागच्या कृतीचा निवाडा करणं ही सर्वांत मोठी चूक. फ्लॉप ९-६-२, खेळाडूने पॉटएवढ्या बेटला कॉल केला, रिव्हरला सत्ती येऊन त्याची स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) झाली आणि त्याने १०-८ दाखवले. घाईत नोंद होते: ‘स्ट्रेट लावून जिंकला, लकी.’ लिहायला हवं ते असं: ‘९-६-२ वर फक्त मधल्या सत्तीच्या आशेने पूर्ण बेटला कॉ.’ सत्त्या चारच. न दिसलेल्या ४७ पत्त्यांतून पुढच्याच पत्त्याला ती येण्याची शक्यता ८.५ टक्के, टर्न आणि रिव्हर दोन्ही धरून १६.५ टक्के. पॉटएवढ्या बेटला कॉल करायला ३३ टक्के लागतात. पुढे स्ट्रेट लागली की मिळणाऱ्या जादा चिप्स धरल्या तरी एवढं अंतर भरून काढणं अवघड. हा खेळाडू अर्धवट हातांना भरमसाट किंमत देतो, म्हणून तुमचे पत्ते चांगले असतील तेव्हा फ्लॉपलाच मोठी बेट लावा. ‘लकी’ या शब्दाने हे सगळं झाकलं गेलं असतं.

दुसरी चूक: न दिसलेल्या पत्त्यांबद्दल लिहिणं. समोरच्याने बेट लावली, तुम्ही पत्ते टाकले, आणि नोंदीत ‘ब्लफ मारला’. पत्ते दिसले नाहीत, तर ब्लफ हा शब्द लिहायचा नाही. फार तर ‘रिव्हर पूर्ण बेट, दिसले नाहीत’.

तिसरी: यशस्वी ब्लफ शोडाउनला येतच नाहीत. त्यामुळे नुसत्या शोडाउनवरून प्रत्येक जण प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. शोडाउनला न जाता तो किती मोठ्या बेटा लावून पॉट उचलतो, त्याचा अपूर्णांक वेगळा ठेवा.

तपासणी: नोंद वाचून तिऱ्हाइताला तो डाव पत्ते मांडून पुन्हा दाखवता येतो का? येत नसेल तर एखादी पायरी राहिली आहे.

## ५. बेटचा आकार

नवख्या आणि मध्यम खेळाडूंचे पत्ते त्यांच्या बेटच्या आकारातून फुटतात. त्यांना पत्ते लपवायचे असतात, पण आकार बदलताना ते तेवढी काळजी घेत नाहीत. तीनच जागांवर लक्ष ठेवा.

रिव्हरला पॉटपेक्षा मोठी बेट. एका ओळीत आकार आणि दिसलेले पत्ते: ‘रिव्हर दीडपट: फुल हाउस, फ्लश, सेट. ३/३ खरे.’ (फुल हाउस म्हणजे तीन एका आकड्याचे आणि दोन दुसऱ्याचे, सेट म्हणजे हातातल्या जोडीला टेबलावरचा तिसरा, ‘खरे’ म्हणजे ब्लफ नव्हता.) अशी नोंद असलेल्यासमोर एका जोडीने कॉल करू नका.

सर्वांत लहान रेझ, म्हणजे समोरच्या बेटची नुसती दुप्पट. फ्लॉपला किंवा टर्नला ती कुणी केली की पत्ते दिसेपर्यंत डाव बघत राहा. काही जण ती मोठ्या हातावरच करतात, काही जण स्वस्तात पुढचा पत्ता बघायला. दोन्ही प्रकारचे असतात, म्हणून पुस्तकी नियम लावू नका, त्या खेळाडूचं दिसलेलंच लिहा.

आधी कॉल केलेल्याने फ्लॉपला अचानक स्वतःच बेट लावणं. लहान असेल तर बऱ्याचदा मधली जोडी किंवा ड्रॉ (एखादा पत्ता आला तरच पूर्ण होणारा हात), पण पुन्हा तेच: ‘पाव बेट पुढे होऊन: ड्रॉ २/३’ असं आकड्यात.

## ६. तीन पत्तीवरून आलेला खेळाडू

सीमाभागात पोकरला बसणारे बरेच जण दिवाळीच्या किंवा गणपतीच्या रात्री तीन पत्ती खेळून तयार झालेले असतात. त्यांच्या सवयी ओळखता येतात आणि नोंदीसाठी त्या सोन्यासारख्या आहेत, कारण त्या लवकर सुटत नाहीत.

सिक्वेन्स आणि कलर. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असते. पोकरमध्ये उलट: फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर असतो. टेबलावर एकाच रंगाचे तीन पत्ते पडलेले असताना स्ट्रेट घेऊन शेवटपर्यंत रेझ करणारा दिसला तर लगेच लिहा: ‘बदामचे तीन पडलेले, स्ट्रेटवर ऑ.’ अशा खेळाडूविरुद्ध फ्लश लागला की सगळा स्टॅक आत जाऊ द्या. त्याला कुणी समजावून सांगितलं तर मात्र नोंद शिळी झाली, तशी खूण करा.

एका जोडीचा मोह. तीन पत्त्यांत जोडी किंवा त्याहून वरचं काही मिळण्याची शक्यता सुमारे २५.६ टक्के. होल्डेममध्ये सात पत्त्यांतून तेच सुमारे ८२.६ टक्के. तिकडे जोडी म्हणजे जिंकायचा हात, इकडे बहुतेक सगळ्यांकडे जोडी असते. कुठल्या जोडीवर तो किती आकारापर्यंत टिकतो, हे लिहा: वरची, मधली, खालची, आणि बेट.

‘शो’ मागायची सवय. दोघे उरले की पैसे टाकून पत्ते बघायचे, ही तीन पत्तीची रीत. पोकरमध्ये ती रिव्हरच्या कॉलमध्ये दिसते. अशाने रिव्हरला एक्का हाय (जोडीही नाही, नुसता एक्का) घेऊन अर्ध्या बेटला कॉल केलेला दिसला तर ‘रिव्हर कॉ: ए हाय, अर्धी’ लिहा आणि त्याच्यासमोर ब्लफ बंद करा. अर्ध्या पॉटच्या ब्लफला दर तीन वेळांत एकदा समोरच्याने पत्ते टाकले तर तो बरोबरीत सुटतो. पूर्ण पॉटच्या ब्लफला निम्म्या वेळा टाकायला हवेत. हा खेळाडू तेवढे टाकत नाही.

नुसत्या नावावरून किंवा चॅटवरून कुणाला या गटात टाकू नका. समोरचा कन्नडमध्ये लिहितो, मराठीत शिव्या देतो की गप्प असतो, याचा त्याच्या रिव्हरच्या बेटशी संबंध नाही.

## ७. वेळ घेणं आणि चिडणं

पटकन चेक, खूप विचार करून रेझ, यावरून काही खेळाडूंचे पत्ते कळतात. पण ऑनलाईन खेळात उशीर रेंजचाही असतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज गेली की प्रत्येक चाल अडकते. वेळेची नोंद घेण्याआधी बघा: तो साधा फोल्ड करतानाही तेवढाच वेळ घेतो का? घेत असेल तर नोंद नको. फोल्ड लगेच, पण ठरावीक ठिकाणीच दहा-बारा सेकंद, आणि असं तीनदा पत्त्यांसकट दिसलं, तरच लिहा.

मोठा पॉट हरल्यावरचं वागणं दोन भागांत लिहा: काय बदललं आणि किती डाव टिकलं. ‘मोठा पॉट गेला की ८ डाव दर वेळी रेझ, मग शांत.’ फुकट चिप्सवर आणखी एक बाब असते. चिप्स संपून नव्या घेतल्या की अनेक जण पहिले काही डाव डोळे मिटून ऑल-इन करतात. ते डाव नोंदीत धरू नका, नाहीतर नंतर दोन तास नीट खेळणाऱ्याबद्दलची तुमची समजूत त्या पाच मिनिटांवर उभी राहील. ज्या टेबलावर चिप्स गेल्याचं लोकांना वाईट वाटतं, म्हणजे अ‍ॅपमधल्या वरच्या ब्लाइंडच्या टेबलांवर, तिथल्या नोंदी जास्त टिकतात.

## ८. कधी लिहायचं

तुम्ही डावात असताना नाही. पत्ते टाकल्यावर त्या खेळाडूच्या नोंदीत दोन-तीन शब्द: जागा, आकार, पत्ते, उदाहरणार्थ ‘ब, दीडपट, सेट’. पुढचा डाव आला की थांबा. खेळ संपला की इतिहासातून तो डाव उघडून नोंद पूर्ण करा. चौथ्या भागातला क्रम तेव्हाच नीट पाळता येतो. लिहिण्याच्या नादात स्वतःची पाळी हुकली तर पत्ते आपोआप फोल्ड होऊ शकतात.

रंगखुणा सगळ्यांत शेवटी. चार पुरेत: कॉल करत राहणारा, दिसेल त्याला रेझ करणारा, सांभाळून खेळणारा, खरंच चांगला. किमान ३० डावांची मोजणी आणि दोन शोडाउन झाल्याशिवाय रंग लावू नका. एकदा लाल दिसला की डोळे खालची नोंद वाचायचं सोडून देतात.

## ९. निर्णय घेताना नोंद कशी वापरायची

आधी नोंदीशिवाय काय केलं असतं ते ठरवा, मग नोंद उघडा. उलट केलं की नोंदीत हवं ते सापडतं.

समजा रिव्हरला पॉट ४० ब्लाइंड, समोरून २० ची बेट. ६० मिळवायला २० द्यायचे, म्हणजे चारांतून एकदा जिंकलात तरी कॉल बरोबरीत. तुमच्याकडे मधली जोडी, निर्णय काठावर. नोंद म्हणते ‘रिव्हर अर्धी बेट: ब्लफ १/४’. तरीही काठावरच, कॉल चालेल. नोंद म्हणते ‘४/४ खरे’, तर टाका. पण हातात फुल हाउस असेल तर चार वेळांच्या नोंदीवरून पत्ते टाकणं चूक. थोड्या पुराव्याने काठावरचे निर्णय बदलायचे, पक्के नाहीत.

जागा आणि स्टॅक जुळतात का तेही बघा. १०० ब्लाइंडची नोंद २० ब्लाइंडला लावू नका. फ्रीरोल (फुकट प्रवेशाच्या) स्पर्धेच्या शेवटी घेतलेली नोंद साध्या टेबलावर बहुधा लागू पडत नाही.

## १०. नोंदी जुन्या होतात

महिन्यातून एकदा चाळा. बाण नसलेल्या, पत्ते न दिसलेल्या, नुसती विशेषणं असलेल्या नोंदी काढून टाका. तीन महिन्यांहून जुनी असेल तर ‘जुनी’ लिहा आणि एकदा पुन्हा दिसेपर्यंत अर्धाच भरवसा ठेवा. घरात एकच फोन दोघे भाऊ वापरतात, तिथे एकाच खात्यावर दोन तऱ्हा दिसतात. नोंदीतल्या दोन ओळी एकमेकींच्या अगदी उलट असतील तर सरासरी काढू नका. दोन्ही ठेवा, वेळ लिहा, आणि पहिल्या फेरीत कोण खेळतंय ते ओळखा.

नोंदी तुमच्या स्वतःच्या निरीक्षणाच्या असू द्या. एकाच टेबलावर बसलेल्या मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना नोंदी किंवा पत्ते कळवणं म्हणजे संगनमत. बहुतेक अ‍ॅपच्या नियमांत ते बसत नाही आणि खासगी टेबलावर तर समोरच्या दोस्ताचीच फसवणूक होते. आकडे आपोआप दाखवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर लावण्याआधीही अ‍ॅपचे नियम वाचा. समोरच्याचं गाव, नोकरी, फोन नंबर नोंदीत कधीच लिहू नका. तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर त्याला दिसावं ते एवढंच: ‘ब, रिव्हर दीडपट, ३/३ खरे’.